कडक म्हणजे कडू नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: चिकमगळूरच्या सहलीत एका मळ्यावर काळी कॉफी प्यायली, ती फार आवडली. तिथूनच पाव किलो भाजलेल्या बिया आणल्या. घरी मिक्सरवर दळून स्टीलच्या फिल्टरला लावली, तर एक दिवस कडूजहर आणि दुसऱ्या दिवशी आंबट. पाकिटावर 'संत्रं, गूळ, चॉकलेट' छापलंय, त्यातलं काहीच लागत नाही. माझी जीभच बाद आहे, की बिया फसव्या? हे शिकायला महागडी यंत्रं घ्यावी लागतील का? आणि सासूबाईंना जायफळ घातलेलीच कॉफी लागते, त्यांना याच बिया चालतील का?

जीभ बाद नाही, हे आधी सांगून टाकतो. गेली अठरा वर्षं मी पुण्यात कॉफी भाजून विकतोय, आणि पहिल्यांदा चव घ्यायला उभा राहिलो तेव्हा समोरच्या आठ वाट्यांपुढे आठही ठिकाणी एकच शब्द लिहिला होता: 'कडू'. शिकवणारे गृहस्थ कन्नड, मळ्यांवरचा माल चाखण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी कागद बघितला, हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीन पेले आणून ठेवले. एकात लिंबाचे चार थेंब पिळलेलं पाणी, दुसऱ्यात रात्रभर मेथीदाणे भिजवलेलं पाणी, तिसऱ्यात पत्ती अर्धा तास तशीच ठेवून मग गाळलेला बिनदुधाचा चहा. म्हणाले, "पिऊन सांगा, तोंडात काय काय होतं."

हे तुम्ही उद्या सकाळीच करा. खर्च शून्य. लिंबाने जबड्याच्या सांध्याशी पाणी सुटतं. मेथी गिळल्यावरही मागे रेंगाळते, पाणी प्यायलं तरी जात नाही. चहाने तोंड कोरडं पडतं आणि जीभ टाळ्याला खरखरीत लागते. तो तुरटपणा, आणि तो चवीपेक्षा स्पर्शच जास्त आहे, जांभळं खाल्ल्यावर होतो तसा. आंबट, कडू, तुरट. आमसुलाचं सार, कारल्याची भाजी आणि सुपारी ज्या घरात आहे, तिथल्या माणसाला हे तीन वेगळे कळत नाहीत असं होणारच नाही. फक्त कॉफीच्या बाबतीत आपण तिन्हींना मिळून 'कडू' म्हणून मोकळे होतो, कारण लहानपणापासून कॉफी म्हणजे दूध-साखरेखाली झाकायची वस्तू.

दुसरा प्रयोग बडीशेपेचा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि चमचाभर बडीशेप चावा. नुसतं गोडसर काहीतरी लागेल. आता नाक सोडा. एकदम बडीशेप! आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वास असतो. सर्दी झाली की वरणभात मिळमिळीत लागतो तो याचसाठी. पाकिटावरचं संत्रं हे या वासाचं काम आहे. बियांत संत्रं घातलेलं नसतं. चव घेणाऱ्याला संत्र्याची आठवण झाली, त्याने लिहिलं. तुम्हाला आमसूल आठवलं तर आमसूल म्हणा, चूक नाही. आमच्या वहीत काकवी, भाजलेले शेंगदाणे, चिंचेचा कोळ आणि करपलेल्या भाकरीचा पापुद्रा असे शब्द आहेत, आणि गिऱ्हाइकांना ते 'कॅरॅमल, नटी'पेक्षा पटकन कळतात.

वास नाकात चढवायचा तर कॉफी फुरका मारून प्यावी लागते. सांगायला मजा वाटते, पण आपले आजोबा चहा बशीत ओतून सुर्रकन ओढायचे, तीच पद्धत जगभरच्या कपिंगच्या टेबलावर चालते. कपिंग म्हणजे व्यापारात माल पारखण्याची रीत: साधारण सव्वाआठ ग्रॅम भरड पूड, वर दीडशे मिली गरम पाणी, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडायची, फेस काढून टाकायचा, निवू द्यायचं आणि चमच्याचमच्याने फुरके मारायचे. गाळणं नाही, यंत्र नाही. निवू देणं महत्त्वाचं. वाफाळत्या कॉफीत जिभेला फक्त चटका कळतो. कोमट होत आली की गोडी आणि आंबटपणा उघडे पडतात, आणि खराब मालाची खोडही तेव्हाच कळते. एखाद्याने "गरम गरम पिऊन टाका" असा फार आग्रह केला की मला संशय येतो.

आता कधी कडू, कधी आंबट का, त्याकडे येतो. सगळ्या उत्तराचं मूळ इथे आहे, म्हणून जरा वेळ काढा.

भाजलेल्या बीचा जेमतेम तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. बाकी लाकडासारखा चोथा. त्या तीसमधलेही सगळे आपल्याला नको असतात. बीच्या वजनाचे १८ ते २२ टक्के पाण्यात उतरले की कॉफी छान लागते, हा धंद्यातला बरेच वर्षं चालत आलेला ठोकताळा. आणि हे सगळं एकदम उतरत नाही. आधी आंबट, खारट, तरतरीत भाग येतो, मग गोडवा, आणि कडू-तुरट सगळ्यात शेवटी, चिवटपणे.

डोळ्यांनी, म्हणजे जिभेने, बघायचं असेल तर असं करा. स्वच्छ सुती फडकं गाळणीत घाला, त्यात वीस ग्रॅम पूड, आणि वरून हळूहळू गरम पाणी सोडत राहा. खाली तीन वाट्या तयार ठेवा. पहिली शंभर मिली भरली की दुसरी सरकवा, मग तिसरी. पहिलीतली कॉफी गडद, चाखली तर तोंड वेडंवाकडं होईल इतकी आंबट आणि खारटसर. दुसरी मवाळ, तिच्यात गोडी सापडते. तिसरी रंगाने चहासारखी, आणि चव? भिजलेला पुठ्ठा, मागाहून कडवटपणा. आता तिन्ही थोडी थोडी एका कपात मिसळा. पहिली आणि दुसरी मिसळली की चांगली लागेल, तिसरी जसजशी वाढवाल तसा कप बिघडत जाईल. मी शिकवायला बसलो की हा एक प्रयोग करून घेतो आणि मग गप्प बसतो.

म्हणजे तुमचा कप आंबट आणि पाणचट असेल तर कॉफी पुरती उतरली नाही: पूड बारीक करा, किंवा पाणी जास्त गरम घ्या, किंवा वेळ वाढवा. कडू, तुरट, घशाशी ओरखडे काढणारी असेल तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

आणि मिक्सर? तो दोन्ही दोष एकाच कपात देतो. पातं बी कापत नाही, आपटून फोडतं. अर्ध्याचा मैदा होतो आणि अर्ध्याचा हरभऱ्याच्या डाळीएवढा चुरा राहतो. मैद्यातून कडू उतरतं, चुऱ्यातून नुसतं आंबट. ज्या दिवशी मिक्सर जास्त फिरला त्या दिवशी कडू, कमी फिरला त्या दिवशी आंबट. तुमचं कोडं एवढंच आहे, बिया फसव्या नाहीत. तूर्त मिक्सरच असेल तर सलग फिरवू नका. दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मधे भांडं हलवा, तापू देऊ नका. मग रव्याच्या चाळणीने चाळून वर राहिलेला जाड चुरा परत फिरवा, आणि मैद्याच्या चाळणीतून खाली पडणारी धूळ बाजूला काढा. कंटाळवाणं आहे, पण एकदा केलंत की फरक लगेच कळेल. पैसे खर्च करायचेच तर ते हाताने फिरवायच्या, चकत्यांच्या ग्राइंडरवर करा. जात्यासारखं काम असतं त्याचं: दोन कडांमधलं अंतर ठरलेलं, त्यातून बी भरडली जाते आणि दाणा सारखा पडतो. बाकी यंत्रं नंतर, किंवा कधीच नाही. तेही नको असेल तर भाजणाऱ्याकडूनच आठवड्यापुरती शंभर ग्रॅम दळून आणा.

इथे एक भाषेचा घोळ निस्तरतो. लोक येतात आणि "स्ट्राँग द्या" म्हणतात, म्हणजे त्यांना कडू हवी असते. चहाच्या बाबतीत आपण कडक आणि कडू यात गल्लत करत नाही. कडक चहा कडू झाला तर टपरीवाल्याला परत करतो. कॉफी कडक होते पूड जास्त घातल्याने. ती कडू होते जास्त उतरल्याने, किंवा बिया काळ्याकुट्ट भाजल्याने. कॅफीन स्वतः कडू असतं खरं, पण कॉफीच्या कडवटपणात त्याचा वाटा लहान. बराचसा भाजतानाच तयार होतो. तेव्हा कप आंबट नाही, नुसताच पाणचट वाटला तर तीच पूड जास्त वेळ ठेवून पिळून काढू नका. पूड वाढवा.

तुमच्या बियांसाठी मी फिल्टर बाजूला ठेवायला सांगेन आणि पातेलं घ्यायला सांगेन. पंधरा ग्रॅम पूड, साखरेच्या दाण्यापेक्षा किंचित बारीक. वजनकाट्यावर मोजा, चमच्याचा भरवसा नाही, हलक्या भाजलेल्या बिया जड असतात आणि गडद भाजलेल्या फुगून हलक्या. अडीचशे मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग पुडीवर ओता. ताजी असेल तर पूड फसफसून वर येईल. एकदा ढवळा, झाकण ठेवा, चार मिनिटं. उकळायची मुळीच नाही. चहाची सवय इथे आडवी येते. मग सुती फडक्यातून गाळा. फडकं साबणाने धुवायचं नाही, नुसत्या पाण्याने, आणि ओलंच डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं, वाळलं की त्याला खवट वास धरतो. फडकं पिळूही नका, पिळलंत की तिसरी वाटी कपात आली.

पाण्याबद्दल लोकांना सांगितलं की अतिशयोक्ती वाटते, पण कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. माझी बहीण बोअरच्या पाण्यावर राहते. माझ्याच भट्टीतली, एकाच दिवशी भाजलेली कॉफी तिच्याकडे खडूसारखी बोथट लागायची आणि ती मला दोष द्यायची. जड पाण्यातले क्षार आंबटपणा मारून टाकतात. उरतो तो मातकट कडवटपणा. दुसरं टोक आरओचं: त्यात क्षार जवळजवळ नसतात, मग कॉफी पोकळ आणि बोचरी लागते. तिला अर्धं आरओ, अर्धं बोअरचं मिसळायला सांगितलं. तक्रार बंद झाली. पुण्यात नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी ठीक आहे, क्लोरीनचा वास असला तर उघडं उकळलं की जातो. आणि उकळण्यावरून: पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ला. म्हणजे तिकडे थंड व्हायची वाट न बघता थेट ओता. कॉफीला ९० ते ९६च्या आसपासचं पाणी मानवतं.

मग ताजेपणा. पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. नुसती 'एक्स्पायरी' असेल तर तिचा काही उपयोग नाही. भाजल्यावर पहिले काही दिवस बीमधून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो, म्हणून आठवडाभर विसावल्यावर ती खुलते. पुढचे तीन-चार आठवडे तिचे. सहलीच्या ठिकाणच्या दुकानात माल कधीचा पडून आहे देव जाणे. पाणी ओतल्यावर पूड अजिबात फसफसली नाही तर समजा, वय झालंय. आता पावसाळा असेल तर डबा घट्ट बंद ठेवा, आणि मसाल्यांच्या कपाटात नको. वाळलेली बी ओल आणि वास दोन्ही ओढून घेते. तिचा हाच गुण मंगळूरकडे मुद्दाम वापरतात: पावसाळी वाऱ्यात गोदामात बिया पसरून फुगवतात, त्या पिवळट होतात, आंबटपणा जातो आणि अंगाने जाड, म्हणजे तोंडात दाट लागणारी, कॉफी होते. तीच ती मॉन्सून्ड मलबार. पण घरातल्या गोडा मसाल्याच्या शेजारी ठेवून तसलं काही होत नाही, फक्त कॉफीला दगडफुलाचा वास येतो.

मळ्यावर तीच कॉफी चांगली का लागली? ती ताजी भाजलेली होती, पाणी डोंगरातलं होतं, करून देणारा रोज तेच करत होता. आणि तुम्ही गारठ्यात, पायपीट करून बसला होता. शेवटची गोष्ट पाकिटात भरता येत नाही.

बियांबद्दल थोडं. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. डोंगराला नाव त्यांचंच. तुमच्या पाकिटावर 'एस ७९५' लिहिलंय का बघा. बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राने १९४०च्या दशकात दिलेलं हे अरेबिकाचं (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक, दुसरी रोबस्टा) वाण त्या भागात अजून भरपूर आहे. 'वॉश्ड' असेल तर फळाचा गर धुऊन मग वाळवलेली, चव स्वच्छ आणि आंबूस. 'नॅचरल' असेल तर आख्खं फळ वाळवलेलं; पिकल्या फणसासारखा वास आणि जास्त गोडी. संत्रं बहुधा पहिल्या प्रकारात सापडतं. विक्रेते सांगतात की झाडाशेजारी मिऱ्यांची वेल असते म्हणून कॉफीत मिरीची चव उतरते. सावलीच्या झाडांवर मिऱ्यांच्या वेली असतात हे खरं, पण ती चव कपात उतरते यावर माझा विश्वास नाही. आपल्या महाराष्ट्रातही कॉफी होते, मेळघाटात चिखलदऱ्याला. तिकडे गेलात तर मळा जरूर बघा.

रोबस्टाला मात्र नाकं मुरडू नका. भारतात पिकणाऱ्या कॉफीत तीच जास्त आहे. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, अंग जाड, आणि दुधात ती बुडत नाही. सासूबाईंच्या कपाची गोष्ट इथेच सुरू होते.

त्यांच्यासाठी तुमच्या संत्र्याच्या बिया वाया घालवू नका. दुधात ते संत्रं दिसणारही नाही. दुधातली प्रथिनं तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून दुधाच्या कॉफीला मुळात ठसठशीत बिया लागतात. मध्यम-गडद भाजलेली, रोबस्टा मिसळलेली फिल्टर पूड आणा. चिकोरी असली तर असू दे, ती कॉफीची भेसळ नाही, आवडीचा भाग आहे. चिकोरी म्हणजे एक भाजलेलं मूळ; तिच्यात कॅफीन नसतं, रंग आणि दाटपणा येतो. फक्त पाकिटावरचं प्रमाण वाचा. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी विकता येते, आणि स्वस्त पाकिटं त्या काठावरच बसलेली असतात. वीस टक्क्यांच्या वर मी जात नाही.

फिल्टर लावताना वरचं भांडं कोरडं हवं. पंचवीस ग्रॅम पूड, बारीक रव्याइतकी. छत्रीने, म्हणजे फिल्टरमधल्या दांडीच्या चकतीने, हलकेच सपाट करा, दाबू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं: दाबून बसवली की डिकॉक्शन, म्हणजे खालच्या भांड्यात जमणारा कॉफीचा दाट अर्क, पडतच नाही, मग माणूस वैतागून फिल्टर ठोकायला लागतो. आधी गरम पाण्याचे तीन-चार चमचे, अर्धा मिनिट थांबा, पूड फुगू द्या, मग उरलेलं ओतून एकूण सव्वाशे मिलीपर्यंत न्या आणि झाकण ठेवा. वीस मिनिटांत बरंचसं खाली यायला हवं. पाच मिनिटांत रिकामा झाला तर पूड जाड. तासभर लागला तर फार बारीक किंवा दाबलेली. थेंब अडला असेल तर वरचं भांडं जरासं उचलून परत बसवा, अडकलेली हवा सुटते. डिकॉक्शन गॅसवर गरम करायचं नाही. दूध उकळतं घ्या आणि त्यात गार डिकॉक्शन ओता, एकास तीन. परत पाणी घालून दुसरं डिकॉक्शन काढणारे असतात. ती तुमची तिसरी वाटीच आहे, पण पाहुणे फार आले तर मीही काढतो.

जायफळ दुधात, डिकॉक्शनमध्ये नाही, आणि गॅस बंद केल्यावर. उकळलं की त्याचा वास उडतो. किसणीवर दोनदाच घासा. तिसऱ्यांदा घासलंत तर सासूबाई खूश होतील, पण कपात बासुंदी उतरेल.